घाट न चढलेली तपासणी

मावळातल्या उपकेंद्रात गरोदर बायांच्या तपासणीचा दिवस असला की टेबलावर रक्तदाबाचं यंत्र असतं, लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्यांची पाकिटं असतात आणि लघवीसाठी छोट्या बाटल्या असतात. अंदर मावळ असो, नाणे मावळ असो की पवन मावळ, क्रम ठरलेला आहे. बाई बाटली भरून आणते, नर्सताई तीत पट्टी बुडवतात, रंग पाहतात आणि कार्डावर लिहितात: अल्ब्युमिन नाही, साखर नाही. उरलेली लघवी ओतून दिली जाते.

त्या लघवीला आणखी एक प्रश्न विचारता आला असता: तीत जंतू वाढताहेत का? हा प्रश्न वैद्यकाला सुचून, त्याचं उत्तर मिळून, उपाय हाती येऊन साठ वर्षांहून अधिक काळ लोटला. मुंबईत काम केलेल्या बायकांच्या संशोधनातून आलेली गोळी मावळात पोचली, लंडनमध्ये सुरू झालेली अल्ब्युमिनची तपासणी पोचली, आणि ही एक तेवढी मागे राहिली. ती का राहिली याची ही हकीकत आहे.

आधी हे जंतू करतात काय ते पाहू. गरोदर बायांमध्ये शंभरातल्या दोन ते दहा जणींच्या लघवीत जंतू वाढत असतात आणि त्यांना कसलाही त्रास होत नसतो. उन्हाळी लागली तर बाई धण्या-जिऱ्याचं पाणी पिते, जावेला सांगते, फारच झालं तर दवाखाना गाठते. या मुकाट जंतूंच्या बाबतीत सांगण्यासारखं काही घडतच नाही. पण गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे मूत्रवाहिन्या सैल पडतात, वाढत्या गर्भाशयाचा भार त्यांच्यावर येतो, उजव्या बाजूला तो जास्त असतो, आणि लघवीचा प्रवाह मंदावतो. मूत्राशयात मुकाट राहिलेला जंतू त्या संथ वाटेने वर मूत्रपिंडापर्यंत जातो. मग सहाव्या-सातव्या महिन्यात अचानक हुडहुडी भरून ताप येतो, कंबरेच्या वर एका बाजूला ठणका लागतो, उलट्या सुरू होतात. वेळीच इंजेक्शनं आणि सलाइन मिळालं तर बाई सावरते. नाहीतर जंतू रक्तात उतरतात, दिवस भरण्याआधी कळा सुरू होऊ शकतात, आणि आई-बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतं.

पॅरिसच्या पिएर रायेर यांनी मूत्रपिंडाच्या विकारांवरचा आपला मोठा ग्रंथ १८३९ ते १८४१ या काळात प्रसिद्ध केला. त्यात गरोदर बायांच्या मूत्रपिंडाला होणाऱ्या दाहाची नोंद आहे. आजार दिसला होता, पण त्याचं कारण तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. जंतूंमुळे रोग होतो हेच सिद्ध व्हायचं होतं. लघवीतल्या संसर्गाला बहुतेक वेळा जबाबदार असणारा जंतू थिओडोर एशेरिच यांनी १८८५ मध्ये ओळखला, तोही तान्ह्या बाळांच्या विष्ठेत. आज आपण त्याला ई. कोलाय म्हणतो.

अल्ब्युमिनचं नशीब वेगळं होतं. अल्ब्युमिन असलेली लघवी तापवली की ती गढूळ होते आणि त्यावरून मूत्रपिंड बिघडल्याचं कळतं, हे लंडनच्या गाईज हॉस्पिटलमधले रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये दाखवून दिलं. त्याच हॉस्पिटलमधल्या जॉन लिव्हर यांनी १८४३ मध्ये, बाळंतपणात झटके येणाऱ्या बायांच्या लघवीत अल्ब्युमिन असतं, हे नोंदवलं. या तपासणीला लागत काय होतं? काचेची नळी, स्पिरिटचा दिवा आणि अ‍ॅसिटिक आम्लाचे दोन थेंब. निकाल दोन मिनिटांत, बाईच्या समोर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एडिंबरोचे जॉन बॅलन्टाइन यांनी, बाळंतपणाआधीच बाईची तपासणी व्हावी, असा आग्रह धरला आणि प्रसूतिपूर्व दवाखान्यांची पद्धत रुजू लागली. लघवी तापवून पाहणं हा त्या दवाखान्याचा नित्याचा भाग झाला. पुढे ती पद्धत जगभर गेली आणि आपल्याकडेही आली. परिचारिकांच्या कितीतरी पिढ्यांनी नळीचा वरचा भाग दिव्यावर धरून तो गढूळ होतो का ते पाहिलं आहे.

आता गोळीच्या हकीकतीसाठी मुंबईकडे वळू. १८६३ मध्ये आगगाडी बोरघाट चढली आणि मुंबई-पुणे एका रुळावर आले. त्या रुळावरून मावळ ओलांडून पुण्याकडच्या अनेक मुली शिकायला मुंबईला गेल्या. जेरुशा झिराड त्यांपैकी एक. मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल समाजातली ही मुलगी पुण्यात हुजूरपागेत शिकली, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात डॉक्टर झाली, आणि लंडन विद्यापीठाची एम.डी. ही पदवी तिने १९१९ मध्ये मिळवली. १९२८ मध्ये त्या मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या अधीक्षक झाल्या आणि १९४७ पर्यंत त्या पदावर राहिल्या.

त्याच १९२८ मध्ये लंडनहून ल्यूसी विल्स नावाच्या डॉक्टर मुंबईत आल्या. त्यांना बोलावून घेणाऱ्या डॉ. मार्गारेट बॅल्फर भारतातल्या महिला वैद्यकीय सेवेत मोठं काम करून चुकल्या होत्या, आणि बाळंतपणात एवढ्या बाया का मरतात याचा शोध परळच्या हाफकिन संस्थेत सुरू झाला होता. विल्स यांच्याकडे गरोदरपणातल्या जीवघेण्या रक्तक्षयाचा प्रश्न आला. गिरणगावातल्या, चाळींतल्या बायांचं रक्त तपासून त्या थांबल्या नाहीत. डॉ. तळपदे यांच्यासोबत त्यांनी या बाया काय खातात, कशा राहतात याची घरोघर पाहणी केली. विल्स आणि तळपदे यांचा तो निबंध १९३० मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधनाच्या नियतकालिकात आला. ज्यांच्या ताटात भाजी-फळं जवळजवळ नव्हती त्यांनाच हा रोग जास्त होता. विल्स यांनी उंदरांवर आणि मग माकडांवर प्रयोग केले. त्यात एकदा मोठा घोटाळा झाला. उंदरांच्या रक्तक्षयामागे उवांतून पसरणारा बार्टोनेला हा जंतू निघाला आणि आहाराचा हिशेब बिघडला. अखेर यीस्टचा स्वस्त अर्क, बाजारात मार्माइट नावाने मिळणारा, बायांना दिल्यावर रक्त भरून येतं हे त्यांनी दाखवलं आणि १९३१ मध्ये ते ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. त्या अर्कातलं गुणकारी द्रव्य म्हणजे फॉलिक अ‍ॅसिड, हे पुढच्या दशकात स्पष्ट झालं. पवन मावळातल्या बाईच्या तळहातावर आज जी गोळी पडते तिचा उगम परळला आहे. मराठी वाचकांना हे फारसं ठाऊक नसतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

झिराड यांनी १९३७-३८ मध्ये मुंबई शहरातल्या मातामृत्यूंची कारणं एकेका मृत्यूमागे जाऊन तपासली. हा अहवाल १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. जंतुदोष, रक्तक्षय आणि अल्ब्युमिन-रक्तदाबाचा आजार ही त्यातली ठळक नावं. या कामाचं मोल फार मोठं आहे. बाळंतपणातला मृत्यू हा नशिबाचा भाग मानणाऱ्या समाजात एका बाईने प्रत्येक मृत्यूचं कारण विचारलं आणि लिहून ठेवलं. मात्र जंतुदोष म्हणजे त्या काळी मुख्यतः बाळंतपणानंतरचा, गर्भाशयातला ज्वर. कसलाही त्रास नसलेल्या बाईच्या लघवीत जंतू शोधावेत, हा विचार तेव्हा मुंबईतच काय, जगात कुठेच रुजलेला नव्हता. आणि शोधायचं ठरवलं असतं तरी मार्ग बंद होता. लघवी बाहेर येताना कातडीवरचे जंतू घेऊनच येते. बाटलीत जंतू सापडले तर ते आतले की बाहेरचे, हे सांगायचं कसं?

मुंबईच्या प्रसूतिशास्त्राशी लोणावळ्याचं एक नातं इथे नोंदवून ठेवतो. गावातलं महाविद्यालय डॉ. बी. एन. पुरंदरे यांच्या नावाचं आहे, आणि पुरंदरे हे मुंबईतले नामवंत स्त्रीरोगतज्ज्ञ होते. प्रसूतिशास्त्रातलं मोठं नाव घाटमाथ्यावर पोचलं, तिथल्या मुलामुलींच्या गुणपत्रिकांवर छापलं गेलं. त्या शास्त्रातली एक साधी तपासणी मात्र पोचायची राहिली.

आतले की बाहेरचे, या कोड्याचं उत्तर बॉस्टनमध्ये निघालं. एडवर्ड कॅस हे बॉस्टन सिटी हॉस्पिटलमधले संसर्गरोगतज्ज्ञ. हे नगरपालिकेचं, गोरगरिबांचं हॉस्पिटल होतं. शवविच्छेदनात मूत्रपिंडाचा जुना जंतुदोष वारंवार सापडतो, पण जिवंतपणी त्यातल्या कितीतरी रुग्णांना तो कधी ओळखूच आलेला नसतो, ही गोष्ट त्या काळच्या डॉक्टरांना छळत होती. कॅस यांनी जंतू आहेत की नाहीत हा प्रश्न बाजूला ठेवला आणि जंतू किती आहेत ते मोजायला घेतलं. मूत्रपिंडाचा संसर्ग झालेल्या रुग्णांच्या एका मिलिलीटर लघवीत बहुतेक वेळा एक लाखाच्या वर जंतू निघाले. वाटेत मिसळलेले जंतू असतील तर आकडा त्याहून बराच खाली राहिला. दोन्हींच्या मधे जागा मोकळी होती. १९५६ पासूनच्या निबंधांतून त्यांनी ही एक लाखाची रेघ मांडली.

या रेघेमुळे बाईची एका मोठ्या त्रासातून सुटका झाली. तोवर शुद्ध नमुना हवा असेल तर मूत्रमार्गात नळी घालून लघवी काढत, आणि त्या नळीनेच जंतू आत ढकलले जात. अमेरिकेतले नामांकित डॉक्टर पॉल बीसन यांनी १९५८ मध्ये नळीच्या या सर्रास वापराविरुद्ध एक लेख लिहिला, तो आजही वाचण्यासारखा आहे. मोजणीची पद्धत आल्यावर नळीची गरज उरली नाही. बाईने स्वच्छ धुऊन, पहिली धार सोडून, मधली धार बाटलीत धरली की पुरे.

मग कॅस गरोदर बायांकडे वळले. हॉस्पिटलच्या प्रसूतिपूर्व दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकीची लघवी त्यांनी तपासली. सुमारे सहा टक्के जणींच्या लघवीत लाखाच्या वर जंतू निघाले, आणि त्यांची काहीच तक्रार नव्हती. यांतल्या काहींना बाळंतपणापर्यंत सल्फा औषध दिलं, काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी दिली. बिनऔषधाच्या गटातल्या सुमारे चाळीस टक्के जणींना पुढे मूत्रपिंडाच्या संसर्गाने ताप आला. औषध मिळालेल्या गटात तो जवळजवळ नाहीसा झाला. हे निष्कर्ष १९६० च्या आसपास प्रसिद्ध झाले. औषधाचा उपयोग होतो हे तेव्हा सिद्ध झालेलं नव्हतं, म्हणून तो प्रयोग झाला. तरी आज तो वाचताना बिनऔषधाच्या गोळीवर राहून तापाने फणफणलेल्या त्या गरीब बायांची आठवण ठेवली पाहिजे असं मला मनापासून वाटतं. आपल्याला जे कळलं ते त्यांच्या अंगावरून कळलं.

कॅस यांचं दुसरं म्हणणं असं की जंतू असलेल्या बायांची बाळं वेळेआधी जन्मतात आणि उपचारांनी तेही टळतं. या म्हणण्यावर पुढची कित्येक दशकं वाद चालला. मेलबर्नमध्ये प्रिसिला किंकेड-स्मिथ यांनी १९६५ मध्ये, डॅलसमध्ये पेगी व्हॅली यांनी १९६७ मध्ये आपापल्या दवाखान्यांतले आकडे मांडले. मूत्रपिंडाच्या तापाबद्दल एकमत होत गेलं. बाळाच्या मुदतीबद्दल मतं विभागलेली राहिली.

आता ही तपासणी मावळात आणायची म्हणजे काय करावं लागतं ते पाहा. अल्ब्युमिन दोन मिनिटांत कळतं, जंतू वाढवून पाहावे लागतात. यालाच कल्चर म्हणतात. प्रयोगशाळेत एका बारीक तारेच्या कडीने एक सहस्रांश मिलिलीटर लघवी उचलून काचेच्या थाळीतल्या आगरवर पसरतात. थाळी ३७ अंशांवर रात्रभर ठेवतात. दुसऱ्या दिवशी थाळीवर शंभर ठिपके दिसले तर मिलिलीटरला एक लाख जंतू. मॅकॉन्की आगरवर ई. कोलायचे ठिपके गुलाबी दिसतात. मग त्या जंतूवर कोणतं औषध चालतं ते पाहायला आणखी एक दिवस. म्हणजे बाईला दोनदा यावं लागतं किंवा कुणीतरी निकाल तिच्या घरी पोचवावा लागतो.

त्याहून मोठी अडचण वाटेतली आहे. चांगल्या उबेत ई. कोलाय वीसेक मिनिटांत दुप्पट होतो. बाटलीत चुकून मिसळलेले हजार जंतू उन्हात दोन-तीन तास राहिले तर लाखाची रेघ ओलांडू शकतात आणि धडधाकट बाई आजारी ठरते. म्हणून नमुना दोन तासांत प्रयोगशाळेत तरी पोचला पाहिजे, नाहीतर बर्फात ठेवला पाहिजे. आता राजमाचीची वाडी डोळ्यांपुढे आणा, किंवा पवनेच्या धरणामागची तुंग-तिकोन्याकडची गावं. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आषाढात ओढे फुगले की माणसांचंच येणं-जाणं अडतं, तिथे बाटली दोन तासांत कुठे न्यायची?

आणि नेमक्या त्याच दिवसांत मावळातली बाई चिखलात उभी असते. इंद्रायणी तांदूळ वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहोर आणि आय.आर. ८ यांच्या संकरातून तयार झाला आणि १९८७ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आला. त्याची लावणी आजही मुख्यतः बायाच करतात. गरोदर असली तरी चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत ती रोपं लावते. बांधावर आडोसा नसतो, म्हणून दिवसभर पाणी कमी प्यायचं आणि लघवी तुंबवून धरायची, हे तिला आईकडून शिकायला मिळालेलं असतं. लोणावळ्याच्या पॉइंटांवर पर्यटकांना कणसं भाजून देणाऱ्या बायांचंही तेच. तहान मारून दिवस काढणं मूत्रमार्गाला सोसत नाही, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

वाटेतल्या अडचणींवर उपाय निघाले नाहीत असं नाही. इंग्लंडमध्ये मॅकी आणि सँडिस या डॉक्टरांनी १९६५ मध्ये, आगरचा थर लघवीत बुडवून तोच प्रयोगशाळेला पाठवायचा, अशी युक्ती काढली. दोन वर्षांत तिचं सुधारलेलं रूप, डिपस्लाइड, वापरात आलं. पट्टी बुडवल्यावर जंतू जागच्या जागी रुजतात, त्यामुळे वाटेत आकडा फुगत नाही. १९६९ मध्ये पोर्टर आणि ब्रॉडी यांनी दाखवलं की बाटलीत आधीच बोरिक आम्ल घालून ठेवलं तर जंतूंची वाढ थांबते आणि नमुना दुसऱ्या दिवशीही तपासता येतो. बोरिक आम्ल! कॅरमबोर्डवर टाकायची ती पांढरी पूड. तालुक्याच्या ठिकाणी रोज जाणाऱ्या एका गाडीत अशा बाटल्या ठेवल्या तर दोन तासांची अट गळून पडते. हे पंचावन्न वर्षांहून जुनं ज्ञान आहे.

दुसरा उपाय पट्टीचा. पीटर ग्रीस या रसायनशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये नायट्राइट ओळखणारी रंगाची क्रिया शोधली. लघवीतल्या नायट्रेटचं नायट्राइट बरेच जंतू करतात, म्हणून पट्टी गुलाबी झाली की जंतू असल्याचा संशय घेता येतो. अमेरिकेत हेलन आणि आल्फ्रेड फ्री या पतिपत्नींनी १९५६ मध्ये साखरेची पट्टी बाजारात आणली आणि हळूहळू एकाच पट्टीवर अनेक चौकोन आले. पण नायट्राइटच्या पट्टीवर विसंबता येत नाही. लघवी मूत्राशयात चारेक तास राहिलेली असली तरच ती नीट दाखवते, काही जंतू नायट्राइट करतच नाहीत, आणि लक्षणं नसलेल्या बायांमधले जवळपास निम्मे संसर्ग तिच्या नजरेतून सुटू शकतात. शिवाय उपकेंद्रात सर्रास वापरली जाणारी पट्टी दोन चौकोनांची असते, अल्ब्युमिन आणि साखर. तीत नायट्राइटचा चौकोनच नसतो.

देशपातळीवर काय झालं? भोर समितीचा अहवाल १९४६ मध्ये आला तेव्हा देशात दर हजार बाळंतपणांमागे वीसच्या आसपास माता मरत होत्या. समितीने गावोगावी प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना मांडली आणि १९५२ नंतर ती केंद्रं उभी राहू लागली. अशा काळात आधी काय करायचं हे उघड होतं: धनुर्वाताची लस, रक्तक्षय, रक्तदाब, दवाखान्यात बाळंतपण. त्या क्रमाला दोष देता येत नाही. महाराष्ट्राचं प्रमाण २०१८-२० च्या नोंदींनुसार लाखामागे ३३ मातामृत्यूंपर्यंत खाली आलं, ते याच कामामुळे आणि परिचारिका, आशाताई यांच्या पायपिटीमुळे. पण आधी करायच्या गोष्टी झाल्यावर पुढची गोष्ट यादीत यायला हवी होती. केंद्र सरकारने २०१० मध्ये परिचारिकांसाठी काढलेल्या मार्गदर्शक पुस्तिकेत उपकेंद्रातल्या तपासण्या दिलेल्या आहेत: गर्भ राहिल्याची चाचणी, हिमोग्लोबिन, लघवीतलं अल्ब्युमिन आणि साखर, मलेरिया. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तगट, गरमी, एच.आय.व्ही., कावीळ-ब वगैरे. लघवीचं कल्चर कुठल्याच पायरीवर नाही.

ज्या आजाराची तक्रार होत नाही तो यादीत येत नाही, हे महाराष्ट्राने आणखी एकदा पाहिलं आहे. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली. १९८९ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या त्या निबंधात ९२ टक्के बायांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार असल्याचं दिसलं, आणि यापूर्वी कधीतरी तशी तपासणी झालेल्या बाया जेमतेम आठ टक्के होत्या. तो अभ्यास गर्भाशय-योनीच्या आजारांचा होता, लघवीच्या जंतूंचा नव्हता. पण कुणी विचारत नाही म्हणून बाया सांगत नाहीत, आणि बाया सांगत नाहीत म्हणून आजार नाही असं धरलं जातं, हे त्याने जगासमोर ठेवलं. बांगलादेशातल्या सिल्हेटच्या खेड्यांत अलीकडे गरोदर बायांच्या घरी जाऊन लघवी तपासली, तर सुमारे नऊ टक्के जणींना संसर्ग निघाला आणि त्यांतल्या निम्म्या जणींना कसलीच लक्षणं नव्हती. मावळातलं चित्र फार वेगळं असेल असं मानायला मला आधार दिसत नाही.

मावळात आता प्रयोगशाळा नाही असंही म्हणता येणार नाही. तळेगाव दाभाड्याला १९९५ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, त्याला जोडून भाऊसाहेब सरदेसाई यांच्या नावाचं ग्रामीण रुग्णालय आहे, आणि वैद्यकीय महाविद्यालय म्हटलं की सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग आलाच. थाळ्या, आगर, उबवणीपेटी, हे सगळं लोणावळ्यापासून तीसेक किलोमीटरवर आलं. लोणावळा-तळेगावात ज्यांना परवडतं त्यांच्या लघवीचं कल्चर खासगी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर होतंच. मागे राहिली ती उपकेंद्राच्या बाकावर बसलेली बाई.

या तपासणीवर शंका घेणारेही आहेत आणि त्यांचं म्हणणं वाचकांपासून लपवणं योग्य नाही. २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. लघवीत जंतू असूनही उपचार न मिळालेल्या बायांपैकी फक्त अडीच टक्क्यांच्या आसपास जणींना मूत्रपिंडाचा ताप आला. बाळ वेळेआधी जन्मण्याशी संबंध दिसलाच नाही. कॅस यांचे चाळीस टक्के कुठे आणि हे कुठे! अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यगटाने २०१९ मध्ये या तपासणीची शिफारस कायम ठेवली, पण तिची श्रेणी ‘अ’वरून ‘ब’वर आणली. माझ्या मते डच अभ्यासाचा अर्थ त्या देशापुरता लावला पाहिजे. तिथली बाई सुदृढ, कमी जोखमीची, घराजवळ दवाखाना असलेली. ताप आला त्याच दिवशी ती डॉक्टरसमोर असते. रक्तात हिमोग्लोबिन कमी असलेली, भर पावसात वाडीवर अडकलेली बाई त्या अभ्यासात नव्हती. जुन्या-नव्या सगळ्या चाचण्या एकत्र केल्या तर उपचारांनी मूत्रपिंडाचा संसर्ग सुमारे तीन-चतुर्थांशाने कमी होतो, असंच दिसतं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१६ च्या प्रसूतिपूर्व काळजीच्या शिफारशींत गरोदर बाईच्या मधल्या धारेच्या लघवीचं कल्चर करावं, ते शक्य नसेल तिथे पट्टीपेक्षा ग्रॅम रंगाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं, आणि जंतू निघाल्यास सात दिवस प्रतिजैविक द्यावं, असं म्हटलं आहे.

सूक्ष्मदर्शक तर हिवतापासाठी, क्षयासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रांत कधीचाच आलेला आहे.

आणखी एका कारणासाठी कल्चरचा आग्रह धरला पाहिजे. आपल्याकडे ई. कोलायवर जुनी औषधं आता चालेनाशी झाली आहेत. अ‍ॅम्पिसिलिनवर तर विसंबताच येत नाही. लघवी जळजळते म्हणून दुकानातून आणलेल्या चार गोळ्या, त्याही दोन दिवसांत सोडलेल्या, यामुळे जंतू आणखी निबर होतात. गरोदरपणात हाताशी असलेली औषधं आधीच मोजकी. काही पहिल्या तीन महिन्यांत टाळावी लागतात, काही शेवटच्या आठवड्यांत, काही पूर्ण वर्ज्य. कोणता जंतू आणि तो कशाला मरतो हे कळल्याशिवाय औषध देणं म्हणजे बाईच्या आणि पोटातल्या जिवाच्या वाट्याचं औषध वाया घालवणं.

मावळात हे सुरू करायला नवी इमारत लागत नाही. नोंदणीच्या वेळी, शक्यतो चौथ्या महिन्याच्या आसपास, प्रत्येक गरोदर बाईचं लघवीचं कल्चर एकदा व्हावं. बाटलीत बोरिक आम्ल असावं. कार्ला, खडकाळा, टाकवे बुद्रुकसारख्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतून बाटल्या त्याच दिवशी तळेगावला किंवा पुण्याला जाव्यात आणि निकाल आशाताईंच्या फोनवर यावा. सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची डॉक्टरांकडून तपासणी होते. सुरुवात त्या दिवसापासून करता येईल. जिल्हा परिषदेने एका वर्षासाठी मावळ तालुक्यात हे करून पाहावं आणि किती जणींच्या लघवीत जंतू निघाले, किती जणींचा ताप टळला, ते आकडे जाहीर करावेत.

तोवर ज्या घरात गरोदर लेक किंवा सून आहे त्यांनी एवढं करावं: नाव नोंदवायला जाल तेव्हा लघवीचं कल्चर करून घ्यायचं का, हे डॉक्टरांना स्वतःहून विचारा. निकाल आल्यावर दिलेलं औषध ठरल्या दिवसांपर्यंत पूर्ण घ्या, आणि ते संपल्यावर लघवी पुन्हा तपासून घ्या. हुडहुडी भरून ताप आणि कंबरेच्या वर एका बाजूला दुखणं सुरू झालं तर सकाळची वाट न पाहता तिला दवाखान्यात न्या.